वाचाचं काई नाई, सही तेवढी मारा

नाई नाई, तो माईक दूरच ठेवा वो, मले त्याची सवय नाई. सव्वीस वर्ष दवंडी देल्ली हाये मी, माहा आवाज असाच मांगच्या भिंतीले जाऊन लागते... अन् वीस मिनिटं काऊन म्हणतो मी? वीस मिनिटं तं मी माह्या सोताच्या लग्नात बोललो नाई! पण ह्या मैत्रेयी मॅडम, ह्या पाहा, पयल्या लाइनीत बसून हासून राह्यल्या, यायले नाई म्हणाची काई सोय हाये का? पत्रिका छापून मोकळ्या! 'धामतीर विद्यापीठ, लोकशाहीची तब्येत, व्याख्यान सातवे, वक्ते श्री. तानबाजी, उमरधोंडी.' वक्ते! ह्याच जागेवर मांगं एक निवृत्त न्यायाधीश बोलले, त्यायच्या मांगून कोण, तं ग्रामपंचायतीचा शिपाई! गावात पत्रिका गेली तं आमचा न्हावी म्हणते, "तानबा, वक्ते म्हंजे बोलणारा नं? मंग तुह्या घरी तं नलूबाई हाये वक्ते."

बरं, बोलाची पयलीच पाळी म्हणून मी आलो अर्धा घंटा आधी. हॉलमंदी पंखे फिरून राह्यले अन् माणूस एक नाई. दारात तुमचे अंकुशभाऊ उभे, ह्या विद्यापीठाचे शिपाई, काखेत रजिस्टर. पाह्यल्याबरोबर ओळखलं मी, आपल्याच लाइनीचा माणूस! काखेत रजिस्टर धराची एक तऱ्हा असते, ती शिकून येत नाई. त्यायनं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं अन् म्हणते, "वाचाचं काई नाई दादा, सही तेवढी मारा."

आता हे वाक्य! तुमाले सांगतो, सव्वीस वर्ष हे वाक्य मी दुसऱ्यायले म्हटलं, पण मले कोणी म्हटलं ते आज पयल्यांदा. असं माहेरी आल्यासारखं वाटलं ना, का मी मारली सही. पण माह्यासंग होती आमची नलू, माही बायको. तिनं रजिस्टर हातात घेतलं अन् बसली वाचत. दारात! मंग लोकं येऊ लागले, मांगं लाइन खोळंबली, मी म्हटलं, अवं हजेरी हाये ते, पोथी नोये! तं म्हणते, "तुमी व्हा पुढं, मी येतो." ते पाहा, आत्ता येऊन बसली, तिसऱ्या लाइनीत, कोपऱ्याले. अशी पाहून राह्यली माह्याकडं जशी काई मी दूध उतू घालवलं.

तं मी काय सांगून राह्यलो होतो... हाव, ते वाक्य. आता तुमी शहरातले, तुमाले वाटन ग्रामसभा म्हंजे झाडाखाली गाव बसते अन् चर्चा करते. अवो कायची चर्चा! वर्षातून चार डाव सभा, अन् दर डावले आमच्या गावाले कमीत कमी शंभर डोके लागते. डोके नाई तं सभा नाई, सभा नाई तं ठराव नाई, ठराव नाई तं गावाले वरून काईच नाई. अन् येते कोण? सव्वीस जानेवारीले झेंडा झाला का लोकं बुंदीचा पुडा घेऊन घरी. एक मेले आमच्या देवळीकडचं ऊन, कुत्रं बाहेर निंगत नाई. पंधरा ऑगस्टले निंदण, दोन ऑक्टोबरले सोयाबीन सोंगाले आलेलं. मंग काय करन माणूस? माणूस सभेत येत नाई तं सभा माणसाकडं न्या! रजिस्टर काखेत, सकाळी साडेसातले मी निंगो, दहाच्या आत गाव उरकलं. बाया कणीक मळून राह्यल्या, माणसं दाढी करून राह्यले, मी दारात उभा... वाचाचं काई नाई, सही तेवढी मारा! कोणी साबणाच्या हातानं मारे, कोणी हळदीच्या, कोणी म्हशीखालून उठून. आमचं रजिस्टर उघडलं का सैपाकाचा वास येते. अन् आकडा माहा ठरलेला, एकशे ब्याण्णव. दोनशे म्हटलं तं खोटं वाटते, शंभर म्हटलं तं जेमतेम वाटते, एकशे ब्याण्णवले कसं वजन हाये! आमचे किसनराव वारले त्याले तीन वर्ष झाले, पण त्यायच्या हजेरीत खंड नाई. सुनेनं सवयीनं मारली, मी सवयीनं घेतली, ध्यानात आलं तवरिक शाई वाळली होती.

आता मले हसू नका, याच्यात एक रडाची गोष्ट हाये, ती आधी सांगून देतो. आमच्या गावची अंगणवाडी, एकतीस पोट्टे, अन् बसते कुठं तं मारुतीच्या देवळापुढच्या टिनाखाली. काऊन? तं खोलीत खत हाये. आमचे उपसरपंच रूपराव, त्यायचं खताचं दुकान, त्यायचे पोते खोलीत अन् पोट्टे बाहेर. कोणी इच्यारलं का रूपराव बोट वर करे, "वरून ऑर्डर हाये." वर कोण बसलं हाये हे इच्यारत कोणी नाई. माही नात वेदश्री, नाव सुनेनं ठेवलं, माही जीभ वळत नाई म्हणून मी वेदी म्हणतो, चार वर्षाची पोरगी, मांगच्या एप्रिलात त्या टिनाखाली ऊन लागून पडली. डोळे पांढरे केले तिनं. सलाईन लावा लागलं, एवढुशा हाताले शीर सापडत नवती. तवापासून नलूनं एकच धरलं, खोली पायजे, खोली पायजे. मी म्हणो, अवं, आपल्या हातात हाये का ते? आपण शिपाई माणूस!

त्याच साली सप्टेंबरात ह्या विद्यापीठाचं पत्र आलं, व्याख्यानमाला हाये, गावचा एक प्रतिनिधी पाठवा. सरपंचाकडं बारसं, सचिवाले मीटिंग, रूपरावले दुकान. मंग उरलं कोण? रूपराव म्हणे, "जाय तानबा, आलुबोंडा भेटते." मी आपला आलुबोंड्यासाठी आलो, खोटं काऊन बोलू!

अन् कार्यक्रम म्हंजे मी काई कमी पाह्यले का? दिवा लावाले पंधरा मिनिटं, कारण पंख्यानं वात इझते, मंग पंखा बंद, मंग सारे घामानं वले. सत्काराले अर्धा घंटा, परिचयाले पाऊण, अन् ज्याले बोलवलं त्यानं तोंड उघडलं का चिठ्ठी जाते, 'कृपया आटोपते घ्या.' इथं पाह्यलं तं ह्या मैत्रेयी मॅडम एकट्या स्कुटीवर आल्या! हेल्मेट काढलं, ते ठेवलं अध्यक्षाच्या खुर्चीवर, अन् सोता स्टेजच्या काठाले पाय सोडून बसल्या. ना हार ना नारळ. म्हणे, "सगळे मला विचारतात, लोकशाही आजारी आहे का? मी म्हणते, तुम्ही शेवटची कधी तपासलीत? तुमच्या गावची ग्रामसभा शेवटची कधी भरली, किती माणसं बसली, कोण काय बोललं? नाडी तिथे लागते. मुंबई-दिल्लीला फक्त तिचा रिपोर्ट जातो."

बाप्पा बाप्पा! काटा आला अंगावर. आमच्या त्या गळक्या ग्रामपंचायतीत लोकशाहीची नाडी हाये, हे सव्वीस वर्षात मले कोणी सांगतलं नवतं. मी तिथं झाडू मारो, पाणी भरो, मले कोणी नाडीबिडी दाखवली नाई. अन् बाई बोलून कशी राह्यली, तं जशी काई माह्याशीच! घंटाभर बोलल्या, आलुबोंडा हातात थंडा झाला, मले त्याची सुध नाई. इतकं चांगलं मले कोणाचंच बोलणं वाटलं नाई वो, खरं सांगतो.

अन् मंग यायनं इच्यारलं, "कोणाच्या गावात ग्रामसभा पूर्ण भरते?" देवळीचे लोकं, सिंदीचे लोकं, थेट कारंज्याहून आलेले लोकं, सारे चपला पाहून राह्यले. एक हात वर नाई. अन् माहा हात... तुमाले सांगतो, मी वर केला नाई, तो गेला! "आमची भरते मॅडम! दर डावले एकशे ब्याण्णव! सव्वीस वर्षात एकबी सभा तहकूब नाई!" टाळ्या! अशा टाळ्या का पारवे उडाले त्या झरोक्यातले. मॅडमचे डोळे भरून आले. अन् त्या म्हणे, "तानबाजी, दोन ऑक्टोबरला चाळीस विद्यार्थी घेऊन मी तुमच्या गावी येते. आम्हाला हे पाहायचंय."

घ्या! आता पाहाचं म्हणते! रजिस्टर दाखवता येते, रजिस्टरातले माणसं कुठून दाखवू?

घरी आलो, नलूले सारं सांगतलं. ती शेंगा फोडून राह्यली होती. म्हणे, "मंग बोलवा लोकायले." मी म्हटलं, कसं बोलवू? "तोंडानं!" अन् हातातली शेंग खाली ठेवली अन् म्हणे, "सव्वीस वर्षात तुमी मले सही मागतली. सभेले ये, असं एक डाव तरी म्हटलं का?"

नवतं म्हटलं वो. काय सांगू.

निंगालो दुसऱ्या दिवशी. रजिस्टर घरी, रिकाम्या हातानं. तं दारात गेलो का लोकं हात पुसून पेन मागे! "सही नाई, या लागते." "कुठं?" "सभेले." "काऊन, काई झालं का?" "काई नाई झालं." "मंग कायले या?" एक म्हातारा बिचारा घाबरला, म्हणे, "तानबा, माह्या सहीत काई खराबी निंगाली का रे?" अन् रूपरावले कळलं तं दुकानातून वरडते, "भैताडा, सभेत लोकायले बोलवते का कोणी? लोकं आले तं बोलतीन ना!" दोन दिवस फिरलो, हाव म्हणे सारे, पण तो हाव कसा होता मले माईत नाई का? लग्नाच्या पत्रिकेले म्हणते तसा. तिसऱ्या दिवशी नलूच निंगाली. तिनं लोकशाही-फोकशाही काई सांगतलं नाई, दारोदार जाऊन एकच म्हटलं, "खोलीचं इच्याराचं हाये. पोट्ट्यायच्या खोलीचं. येजो."

अन् दोन ऑक्टोबरले गाव आलं! सोयाबीन वावरात उभं ठेवून आलं! दऱ्या, म्हंजे तुमच्या सतरंज्या, कमी पडल्या, मी देवळातल्या आणल्या, शाळेतल्या आणल्या, माह्या घरचे पोते आथरले. मोजून दोनशे सोळा. मॅडम आपले चाळीस पोट्टे घेऊन मांगच्या दरीवर बसल्या. मले वाटलं, सुटलो! गंगेत घोडं न्हालं!

तवा नलू उठली. "अंगणवाडीच्या खोलीत खत कोणाच्या ऑर्डरनं हाये?" रूपराव खुर्चीवरून म्हणे, "ठराव हाये. गावाचा ठराव." "मंग वाचा." सचिव गोंधळले. कारण आमच्या सभेत वाचणं म्हंजे काय, तं सचिव म्हणते, 'मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे', अन् पान पलटवते. नलू म्हणे, "मोठ्यानं वाचा." त्यायनं जुनं रजिस्टर काढलं, एक मेचं, दोन सालाआधीचं. "ठराव क्रमांक सात. अंगणवाडीची खोली वापरात नसल्याने ती श्री. रूपराव यांना खतसाठ्याकरिता देण्यात यावी. सर्वानुमते मंजूर. उपस्थिती एकशे ब्याण्णव."

एकशे ब्याण्णव! तोच माहा वजनदार आकडा!

नलू पुढं आली, रजिस्टर हातात घेतलं, बोट फिरवत फिरवत खाली आली अन् थांबली. "सही माहीच हाये. हे कणकीचं बोटबी माहंच हाये." झालं! सारे उठले आपापली सही पाहाले. कोणाले हळद सापडली, कोणाले साबण. किसनरावची सून कपाळाले हात लावून म्हणे, "अवो माय, मामंजीबी आलते का सभेले!" चाळीस पोट्टे हासले, गाव हासलं. नलू नाई हासली. माह्याकडं वळली अन् सगळ्या गावासमोर म्हणे, "काऊन वो, आपल्या वेदीची खोली द्याले तुमी माहीच सही नेली?"

अवो, मले तरी कुठं माईत होतं! पान कोरं असे. आधी सह्या, मंग मजकूर. पण हे सांगून काय होते? ते कोरं पान घेऊन दारोदार कोण हिंडलं? मी म्हणो आपल्या हातात हाये का... हातात नवतं, काखेत होतं! मले लाज वाटली. इतकी लाज का मान वर होईना. तसाच उभा राह्यलो अन् म्हटलं, "मॅडम, आमची सभा भरत नाई. मी खोटं बोललो. सव्वीस वर्ष मीच भरवतो ती, काखेत." वाटलं, आता ह्या बाई उठतीन, पोट्टे घेऊन चालल्या जातीन, नोकरीबी जाईन. तं ह्या बसल्या जागून म्हणतात काय, "तानबाजी, आज तर भरली आहे ना? मग पुढचं बोला. सभा तुमची आहे."

काय बाई हाये वो! रागावल्या असत्या तं परवडलं असतं.

मंग ठराव मांडला, खोली पोट्ट्यायले वापस. ज्यायले मंजूर त्यायनं हात वर करा. दोनशे सोळा हात वर! अन् सगळ्यात आधी कोणाचा, तं रूपरावचा! त्यायले सवय ना, ठराव म्हटलं का आपला हात पयला! वर गेल्यावर ध्यानात आलं, पण आता खाली कसा घेईन, गाव पाहून राह्यलं. सर्वानुमते मंजूर! अन् ह्या डावाले खरंच सर्वानुमते. पाचव्या दिवशी बायायनंच पोते काढून दुकानापुढं रचले, खोली धुतली, चुना मारला. आता वेदी पंख्याखाली बसते, पयल्या लाइनीत, मॅडमसारखी. मी तिथं झाडू माराले गेलो का मले म्हणते, "आबा, चप्पल बाहेर." मले लय गोड वाटते ते, डोळ्यात पाणी येते, नाई म्हणत नाई मी.

पण माहे हाल इच्यारा! आधी सभा म्हंजे अडीच घंट्याचं काम, तेबी चहा पीत पीत. आता चार चार घंटे सभा चालते, दर डावले सगळ्या दऱ्या मीच टाकाच्या, मीच झटकाच्या, माही कंबर गेली. रजिस्टर दाराबाहेर जात नाई. अन् आमच्या गावात कोणी वाचल्याशिवाय सहीच करत नाई! परवा गॅसवाला आला, म्हणे सही करा. नलूनं पावतीच्या मांगचं बारीक अक्षर वाचाले घेतलं, तो गडी आमच्या ओट्यावर झोपला...

अन् एवढं सारं झाल्यावर मले शिक्षा काय? तं हे व्याख्यान! मॅडम म्हणे, "तुम्ही हे येऊन सांगा, तुमच्याइतकं कोणी हे सांगू शकणार नाही." मी म्हटलं, मॅडम, चोरालेच चोरीवर बोलाले लावता का? तं हासल्या. पण खरं सांगतो, त्यायनं मले चोर म्हटलं नाई. एक डावबी नाई. माणसाले असं धरून उभं कराले लय मोठं मन लागते.

आता वीस मिनिटं झाले असतीन, मले भूक लागली, तिकडून आलुबोंड्याचा वास... काय झालं? कोण? घ्या! तिसऱ्या लाइनीतून हात वर. नलू, अवं प्रश्न मांगून असते, आधी आभार... ती बसत नाई. अन् ती मोजून काऊन राह्यली? खुर्च्या मोजून राह्यली!

थांबा. थांबा जरा. मोजणं मलेबी येते. एक, दोन, चार... त्रेसष्ट. लहान पोरगं धरून त्रेसष्ट. अन् मी दारात सही मारली ती कितव्या नंबरवर? दोनशे अकरा! बाप्पा, मी तं सगळ्यात आधी आलतो!

मॅडम, तुमी नका उठू, तुमाले माईत नसनच. माईत नसणं कसं असते, हे मले चांगलं माईत हाये. नलूले माईक द्या, आता ती काई ऐकत नाई. अन् अंकुशभाऊ, वो अंकुशभाऊ, दाराकडं सरकू नका! या, इथं माह्याजवळ बसा, रजिस्टर घेऊनच या. घाबराचं काई नाई, पयले दहा मिनिटंच लाज वाटते, मंग पत्रिकेवर वक्ते म्हणून नाव येते.